कवितेतला समुद्र आणि कॅमेऱ्यातला समुद्र

कवीला समुद्रावर लाट आणायची असेल, तर त्याला एक शब्द पुरतो. ती लाट किती उंच, किती दूर, किती वेगाने आली, हे त्याने सांगितले नाही तरी चालते. वाचक आपल्या आठवणीतली लाट तेथे आणून बसवतो. पण त्याच कवितेवर एखादा लघुपट करायचे ठरवा. कॅमेरा हाती घेताच प्रश्न सुरू होतात. सेकंदाला किती चित्रे घ्यायची? कोणते भिंग लावायचे? किती अंतरावर उभे राहायचे? दिवसाच्या कोणत्या वेळी? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक आकडा असतो, आणि आकडा बदलला की पडद्यावरचा समुद्रही बदलतो.

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर काही विद्यार्थ्यांनी एका आठ ओळींच्या कवितेसाठी चार-पाच मिनिटांचे चित्रण केले. त्या वेळी मी त्यांच्यासोबत होतो. तोंडवली-तळाशीलचा हा पट्टा चिंचोळा आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, आणि मधल्या वाळूच्या दांड्यावर माड, सुरू आणि माणसांची घरे. पावसाळ्यात समुद्र जमीन खातो, ही येथल्या लोकांची खरी काळजी आहे. म्हणून ‘लाट किती उंच आणि घरापासून किती जवळ’ हा प्रश्न या गावात नुसता कवितेचा राहत नाही. त्या चित्रणातून जे पदार्थविज्ञान शिकायला मिळाले, ते आज आपण पाहू.

फाळक्यांचा वाटाणा

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ चित्रे या वेगाने दाखवला जातो. चित्रे घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग सारखा असेल, तर पडद्यावरचा काळ आणि घड्याळातला काळ जुळतो. हे दोन वेग वेगवेगळे ठेवले, की काळ ताणता येतो किंवा आखडता येतो.

आपल्याकडे याचे एक सुंदर उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसमोर आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून, ठरावीक काळाने त्यांनी एकेक चित्र घेतले. पडद्यावर वाटाण्याचा कोंब भराभर वाढून त्याचा वेल झालेला दिसला.

ही फीत सुमारे मिनिटभराची होती, आणि महिनाभर रोज एक चित्र घेतले होते, असे सांगितले जाते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतील का? हिशेब करून पाहा. रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० चित्रे होतील. मूकपटांच्या काळातला वेग सेकंदाला सुमारे १६ चित्रे धरला, तर ती दोन सेकंदांच्या आतच संपतील. मिनिटभरासाठी १६ × ६० = ९६० चित्रे लागतात. म्हणजे रोज ३२, अर्थात दर पाऊण तासाला एक. ऐकीव माहिती तपासायला कधी कधी एक गुणाकार पुरतो, तो असा.

लाट किती उंच?

फाळक्यांनी काळ आखडला. समुद्रावर चित्रण करणाऱ्याला नेमका उलटा मोह होतो, काळ ताणण्याचा. हल्लीच्या बहुतेक मोबाइलमध्ये सेकंदाला १२० चित्रे घेता येतात. ती सेकंदाला २४ या वेगाने दाखवली, की हालचाल पाचपट संथ होते. तोंडवलीला हिवाळ्यात दिसते तशी गुडघाभर उंचीची लाट अशा रीतीने टिपली, तर पडद्यावर ती प्रचंड, गंभीर आणि भयंकर वाटू लागते. लाट तीच आहे. मग ती मोठी का वाटते?

याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या एका समीकरणात आहे. h उंचीवरून वस्तू सोडली, तर तिला खाली पडायला लागणारा वेळ t असा मिळतो :

h = ½ × g × t²

येथे g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. अर्धा मीटर उंच लाटेचा माथा कोसळून पायथ्याशी येतो, त्याला साधारण ०.३२ सेकंद लागतात. (लाटेचे पाणी पूर्णपणे मुक्तपणे पडत नाही, पण अंदाजासाठी हे चालेल.) आता हीच घटना दुप्पट संथ दाखवली, तर प्रेक्षकाला ०.६४ सेकंद दिसतात. इतका वेळ पडत राहणारे पाणी किती उंचीवरून येत असेल? वरच्या समीकरणात वेळेचा वर्ग आहे. म्हणून वेळ दुप्पट, तर उंची चौपट, म्हणजे २ मीटर. पाचपट संथ दाखवली, तर उंची पंचवीसपट. अर्ध्या मीटरची लाट साडेबारा मीटरची होऊन बसते!

प्रेक्षक काही मनात समीकरण सोडवत नाही. पण जन्मापासून त्याने वस्तू पडताना पाहिलेल्या असतात. किती उंचीवरून पडायला किती वेळ लागतो, हे त्याच्या डोळ्यांना सवयीने कळते. g चे मूल्य आपल्या सगळ्यांच्या अनुभवात मुरलेले आहे. चित्रपटवाले याचाच उपयोग करून घेत आले आहेत. हौदात जहाजाची लहान प्रतिकृती सोडून वादळ दाखवायचे असेल, तर प्रतिकृती जितकी लहान, त्याच्या वर्गमुळाच्या पटीने चित्रणाचा वेग वाढवतात. प्रतिकृती मूळ जहाजाच्या सोळाव्या भागाएवढी असेल, तर वेग चौपट, म्हणजे सेकंदाला ९६ चित्रे.

तरीही पुष्कळदा अशी हौदातली वादळे नकली वाटतात. कारण पाण्याचे थेंब लबाडी करत नाहीत. उडालेल्या तुषारांचा आकार पृष्ठताणावर ठरतो आणि पृष्ठताण जहाजाच्या प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. सोळापट लहान जहाजाशेजारी नेहमीच्याच आकाराचे थेंब दिसतात आणि प्रेक्षकाला काहीतरी खटकते.

यातून चित्रणाचा एक नियम निघतो. लाटेच्या चित्रात तिच्या मापाचा साक्षीदार असू द्यावा : एखादा माणूस, होडी, निदान वाळूतला खेकडा. साक्षीदार असला, की लाट कितीही संथ दाखवली तरी तिची खरी उंची लपत नाही.

लाट किती जवळ?

दुसरा प्रश्न अंतराचा. समजा, एक मुलगी किनाऱ्यावर उभी आहे. तिची उंची दीड मीटर. तिच्या मागे २० मीटरांवर १ मीटर उंचीची लाट फुटते आहे. चित्रातली वस्तूची उंची ही वस्तूची खरी उंची भागिले तिचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, या प्रमाणात असते.

प्रथम कॅमेरा मुलीपासून ५ मीटरांवर ठेवू. मुलीसाठी १.५ ÷ ५ = ०.३ आणि लाटेसाठी १ ÷ २५ = ०.०४. म्हणजे चित्रात लाट मुलीच्या उंचीच्या सातव्या भागाहूनही लहान दिसेल.

आता कॅमेरा १०० मीटर मागे नेऊ आणि लांब नाभीय अंतराचे भिंग लावून, मुलगी चित्रात पहिल्याइतकीच मोठी करू. मुलीसाठी १.५ ÷ १०० = ०.०१५ आणि लाटेसाठी १ ÷ १२० = ०.००८३. आता लाट मुलीच्या निम्म्या उंचीहून जास्त दिसते. मुलगी तेवढीच राहिली आणि लाट मात्र चौपट वाढून तिच्या पाठीला येऊन भिडली.

हा भिंगाचा चमत्कार आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. एकाच जागी उभे राहून भिंग बदलले, तर सगळे चित्र सारख्याच पटीने मोठे होते, दोन वस्तूंच्या आकारांतले प्रमाण बदलत नाही. प्रमाण बदलते ते तुमची जागा बदलल्यामुळे. भिंग फक्त लांबचे चित्र जवळ आणून दाखवते.

मग या दोन चित्रांतले खरे कोणते? मुलगी दीड मीटर, लाट एक मीटर, म्हणजे खरे प्रमाण दोन-तृतीयांश. दुसरे चित्र याच्या अधिक जवळ आहे. पण ते मधले २० मीटर गिळून टाकते. पहिले चित्र मधली वाळू स्वच्छ दाखवते, पण लाटेला क्षुल्लक करते. एक चित्र उंचीबद्दल बोलते, दुसरे अंतराबद्दल. तोंडवलीसारख्या गावात घरामागचा समुद्र पहिल्या पद्धतीने दाखवला, तर बाहेरचा माणूस म्हणेल, ‘येथे कसली भीती?’ आणि दुसऱ्या पद्धतीने दाखवला तर म्हणेल, ‘घर आज रात्रीच जाणार!’ दोन्ही चित्रांत कोणतीही खाडाखोड केलेली नसेल. म्हणून वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर समुद्राचे चित्र पाहताना आधी विचारावे : हे चित्र किती अंतरावरून घेतले आहे?

तिथीचे घड्याळ आणि सूर्याची सव्वादोन मिनिटे

लघुपटाचे चित्रण बहुधा एका दिवसात संपत नाही. काल संध्याकाळी पाच वाजता ओल्या वाळूवरची पावले टिपली आणि उरलेला भाग आज पाच वाजता घ्यायला गेलो, तर कालचा किनारा सापडत नाही. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. साधारण पंधरवड्याने भरती पुन्हा जवळपास त्याच वेळेवर येते.

कोकणात यासाठी एक जुना ढोबळ हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. एका तिथीला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे आणि शास्त्राप्रमाणे सुमारे ५०. तोंडी हिशेबासाठी हे फारच चांगले जुळते. ठिकाणाप्रमाणे वेळेत थोडाफार फरक पडतो, तो स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर चढते आणि खूप खाली जाते. अष्टमीच्या भांगाला हा फरक कमी असतो. तेव्हा चित्रणाचे वेळापत्रक कॅलेंडरच्या तारखेवर नव्हे, तर तिथीवर बांधावे लागते.

सूर्यास्ताचे घड्याळ याहून कडक आहे. सूर्य आकाशात ताशी १५ अंश सरकतो आणि त्याचा व्यास सुमारे अर्धा अंश आहे. तोंडवली सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मार्च आणि सप्टेंबरच्या संपातदिनांच्या सुमारास सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सुमारे सव्वादोन मिनिटे लागतात. लंडनमध्ये सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे तेथे त्याच दिवसांत साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. संधिप्रकाशही आपल्याकडे लवकर ओसरतो. सूर्यास्तानंतर चांगला उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटे राहतो.

शिवाय डोळ्यांना भला मोठा वाटणारा मावळता सूर्य चित्रात एवढासा येतो. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगात सुमारे ७० अंशांचा देखावा मावतो. त्यात अर्ध्या अंशाचे बिंब म्हणजे चित्राच्या रुंदीचा एकशेचाळिसावा भाग. चार मीटर रुंदीच्या पडद्यावरही ते तीन सेंटिमीटर भरणार नाही. क्षितिजाजवळ सूर्य-चंद्र मोठे वाटतात हा आपल्या मेंदूचा निर्णय आहे. कॅमेऱ्याला मेंदू नसल्यामुळे तो या भ्रमात सहभागी होत नाही. आणि गंमत अशी, की बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते, त्या क्षणी सूर्य खरोखर क्षितिजाखाली गेलेलाच असतो! हवेतून येताना क्षितिजाजवळच्या प्रकाशकिरणांचे अर्ध्या अंशाहून थोडे जास्त अपवर्तन होते, म्हणून तो आपल्याला वर दिसतो. (सूचना : दुर्बिणीतून किंवा मोठ्या भिंगाच्या दर्शिकेतून सूर्याकडे कधीही पाहू नका.)

अंधार पडल्यावर दिवे लावून चित्रण पुढे चालू ठेवू नये. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पुढे रात्री बाहेर पडणारी पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे नैसर्गिक स्थितीत समुद्राकडे, धावतात. किनाऱ्यावरचा दिवा त्यांना उलट दिशेला नेतो.

पाण्यातले आकाश

खाडीच्या संथ पाण्याकडे कॅमेरा रोखला, की पाण्याऐवजी आकाशच चित्रात येते. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेड तळाकडून येणाऱ्या मंद उजेडाला झाकून टाकतो. येथे ध्रुवित प्रकाशाची मदत होते. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात पूर्णपणे ध्रुवित होतो. हा कोन लंबापासून सुमारे ५३ अंश असतो, कारण त्याची स्पर्शज्या पाण्याच्या अपवर्तनांकाएवढी, म्हणजे १.३३ असते. भिंगापुढे पोलरॉइड काच धरून ती सावकाश फिरवली, तर एका स्थितीत आकाश पुसले जाते आणि तळाची वाळू, शेवाळ, मासे दिसू लागतात.

नेमके कोठे पाहायचे, याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या एक-तृतीयांशाने जास्त अंतरावर. दीड मीटर उंची असेल, तर २ मीटर पुढे. लाटा असलेल्या पाण्यात पृष्ठभाग सर्व बाजूंना कललेला असतो, म्हणून तेथे हा परिणाम अर्धवट मिळतो.

कविता पाण्यातल्या आकाशाबद्दल असेल, तर काच काढून ठेवावी. पाण्याच्या खोलीबद्दल असेल, तर लावावी.

लाटेचा आवाज

मघाची १२० मीटरांवरची लाट आठवा. २५ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. म्हणजे लाट फुटलेली दिसल्यावर तिचा आवाज एक-तृतीयांश सेकंदाने, म्हणजे आठ चित्रांनंतर पोहोचतो. चित्र भिंगाने जवळ आणलेले आणि आवाज मात्र लांबचा, हे कानाला जाणवते. म्हणून आवाज वेगळा, लाटेजवळ जाऊन घ्यावा आणि नंतर चित्राशी जुळवावा. मायक्रोफोनवर फोमचे किंवा केसाळ कापडाचे आवरण हवे. वारा मायक्रोफोनवर आदळून तेथेच भोवरे तयार करतो आणि त्यांची खरखर समुद्राच्या आवाजाहून मोठी होते.

पण लाट मुळात वाजते कशी? फुटणाऱ्या लाटेत हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखे वाजतात. मिन्नार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचे सूत्र दिले. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो. त्रिज्या वाढेल त्या प्रमाणात कंपने कमी होतात.

आता लाटेच्या चित्राबरोबर तिचा आवाजही पाचपट संथ केला, तर ३,३०० ची ६६० कंपने होतील. हा स्वर ५ मिलिमीटरच्या बुडबुड्याचा. म्हणजे कान सांगेल की लाट पाचपट मोठी आहे आणि डोळा सांगेल की पंचवीसपट! संथ केलेल्या समुद्राचा संथ केलेला आवाज बेगडी वाटतो, त्यामागे हेही एक कारण असावे.

करून पाहा

१. १.२५ मीटर उंचीवरून चेंडू सोडा आणि सेकंदाला १२० चित्रे घेऊन टिपा. चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतची चित्रे मोजा. ती ६० च्या आसपास भरली पाहिजेत. तुमच्या मोजणीवरून g चे मूल्य काढा.

२. मैदानावर दोन मित्र एकमेकांच्या मागे २० मीटरांवर उभे करा. पुढच्या मित्राचे चित्र ५, २० आणि ५० मीटरांवरून घ्या. पडद्यावरची दोघांची उंची पट्टीने मोजून गुणोत्तरे काढा आणि वरच्या रीतीने पडताळून पाहा.

३. जुन्या पोलरॉइड चष्म्याची काच घेऊन तळ्याच्या किंवा खाडीच्या संथ पाण्याकडे पाहा. परावर्तन सर्वांत कमी होते ते अंतर आणि डोळ्यांची उंची मोजा. त्यांच्या भागाकारातून पाण्याचा अपवर्तनांक मिळेल.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. किनाऱ्याजवळच्या शाळांनी एक पक्की जागा ठरवून, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच भिंगाने दर महिन्याला किनाऱ्याचे एक छायाचित्र घ्यावे. एकच तिथी आणि भरतीची एकच अवस्था निवडावी. चित्रात एक मापाची काठी उभी असावी. प्रत्येक चित्राखाली तारीख, तिथी, वेळ, कॅमेऱ्याची जागा आणि भिंग यांची नोंद करावी. पाच-दहा वर्षांत समुद्र किती पुढे आला आणि हिवाळ्यात किती वाळू परत देऊन गेला, हे त्या चित्रांवरून पट्टीने मोजता येईल. कवितेसाठी टिपलेल्या लाटेला अशा नोंदीची गरज नाही. पण गावाची जमीन किती गेली, हे कोणाला दाखवायचे असेल, तेव्हा ही नोंदवहीच उपयोगी पडेल.